हार्ट अटॅकनंतर पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर ८.४ : घाबरायचं की नाही?

रानजाई (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ११:५२

बाबांना (वय ६७) तीन आठवड्यांपूर्वी हार्ट अटॅक आला. हृदयाच्या पुढच्या भिंतीचा. एलएडी (त्या भिंतीला रक्त पुरवणारी धमनी) पूर्ण बंद होती. अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट घातला, सहाव्या दिवशी घरी आणलं. ईएफ (दर ठोक्याला डावा कप्पा आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो तो आकडा) ४५. आता घरातल्या घरात चालतात. चिडचिडही पहिल्यासारखी सुरू झाली आहे, म्हणजे सुधारणा आहे असं आईचं मत.

काल त्यांची फाइल लावायला बसले तर पहिल्या दिवशीचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, हाती लागला. एकूण पांढऱ्या पेशी १३,२००. न्यूट्रोफिल ८४ टक्के, लिम्फोसाइट १० टक्के, मोनोसाइट ५ टक्के. पहिल्या दोन आकड्यांपुढे ठळक बाण, एक वर, एक खाली. डिस्चार्जच्या कागदावर याबद्दल चकार शब्द नाही. मग मी नको तेच केलं, म्हणजे नेटवर शोधलं. न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट याला एनएलआर म्हणतात, बाबांचा येतो ८.४, आणि अटॅकनंतर हा आकडा ज्यांचा जास्त त्यांचं पुढे बरं होत नाही, असं पानापानांवर लिहिलंय. रात्रभर छताकडे बघत पडले होते.

डॉक्टर याबद्दल काहीच बोलले नाहीत, ते विसरले म्हणून की त्यात बोलण्यासारखं काही नाही म्हणून? शिवाय आत्तेभाऊ म्हणतोय की मोनोसाइटची सीडी१४-सीडी१६ नावाची आणखी बारीक तपासणी असते, ती करून घे. करावी का?

---

उंटावरचा_शहाणा | सोमवार, रात्री ११:५८

रात्री अकरानंतर रिपोर्ट वाचायला कायद्याने बंदी हवी. आणि भागाकार करायला तर हवीच हवी.

(बाबांना लवकर बरं वाटो. बाकी जाणकार येतीलच, तोवर जागा धरून ठेवतो.)

---

डॉ_निवांत | मंगळवार, सकाळी ७:१०

रानजाई, आधी दीर्घ श्वास घ्या. मी हृदयविकाराच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. तुमच्या बाबांना मी तपासलेलं नाही, तेव्हा हे सगळं सर्वसाधारण समजा.

अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूचा एक तुकडा रक्ताविना मरतो. डाव्या जवनिकेत (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यात) दोन-तीन अब्ज स्नायूपेशी असतात आणि मोठ्या अटॅकमध्ये त्यातल्या एक अब्जापर्यंत जाऊ शकतात. मेलेल्या पेशी फुटतात, आतला माल बाहेर सांडतो आणि शरीराला तो धोक्याच्या घंटेसारखा ऐकू जातो. अस्थिमज्जेतून न्यूट्रोफिलची कुमक निघते. त्याच वेळी वेदना, भीती, अॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल यांचाही परिणाम सुरू असतो. कॉर्टिसॉलमुळे न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट रक्तातून कमी होतात. म्हणजे वरचा आकडा फुगतो, खालचा आटतो आणि भागाकार दोन्हीकडून वाढतो. अटॅकच्या दिवशी तो वाढलेला नसता तरच नवल.

मग हा आकडा बिनकामाचा का? तसंही नाही. खूप रुग्णांचे गट करून पाहिलं की ज्यांचा एनएलआर जास्त त्या गटात पुढे हार्ट फेल्युअर आणि मृत्यू जास्त दिसतात. हे अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा दिसलंय. पण इजा जेवढी मोठी तेवढी घंटाही मोठ्याने वाजणार. शिवाय न्यूमोनिया, स्टेरॉइड, मोठी शस्त्रक्रिया, इतकंच काय नुसत्या प्रचंड ताणानेही हे गुणोत्तर चढतं.

आम्ही धोका मोजायला ग्रेस स्कोअर वापरतो. त्यात वय, नाडी, रक्तदाब, क्रिएटिनिन, हार्ट फेल्युअरची चिन्हं, येताना हृदय बंद पडलं होतं का, ईसीजीतला बदल आणि ट्रोपोनिनसारखे मार्कर (रक्तात मोजता येणाऱ्या आजाराच्या खुणा) एवढं येतं. पांढऱ्या पेशी त्यात नाहीत. तुमचे डॉक्टर विसरले नसावेत. त्यांनी बाण पाहिला असेल आणि पुढे गेले असतील.

---

रानजाई | मंगळवार, सकाळी ७:३१

डॉक्टर, खूप आभार. "बाण पाहिला आणि पुढे गेले" हे त्यांनी तोंडाने सांगितलं असतं तर माझी एक रात्र वाचली असती.

---

डॉ_निवांत | मंगळवार, सकाळी ७:४०

मान्य. हा आमच्या जमातीचा दोष आहे.

---

काजवा | मंगळवार, सकाळी १०:०५

मी प्रयोगशाळेतली बाई, रुग्णांशी संबंध नाही. पण डॉक्टरांच्या प्रतिसादात या पेशी नुसती घंटा ऐकून आलेली गर्दी वाटतात, म्हणून त्यांची बाजू मांडते. त्या तिथे काम करायला येतात.

पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल पोचतात आणि एक ते तीन दिवस त्यांचंच राज्य. मेलेला माल फोडायचा, त्यासाठी विकरं ओतायची. घाई एवढी की शेजारच्या धडधाकट पेशींनाही झळ बसते. मग मोनोसाइट येतात, आणि त्यांच्याही दोन पाळ्या असतात. २००७ मध्ये उंदरांवरच्या कामात हे फार छान दिसलं. आधी चिडक्या मोनोसाइटची पाळी येते. ते राडारोडा उचलतात. साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून शांत मोनोसाइटची पाळी, ते नव्या रक्तवाहिन्या आणि व्रणाची उभारणी बघतात. २००९ मध्ये आणखी एक गंमत कळली. यातले बरेच मोनोसाइट अस्थिमज्जेतून ताजे बनून येत नाहीत, प्लीहेत साठवून ठेवलेले असतात. अटॅक आला की तिथून सुटतात. तोवर प्लीहेकडे या कामासाठी कुणी बघितलंच नव्हतं.

आता पहिली पाळी दुबळी पडली तर मेलेला स्नायू तसाच भुसभुशीत राहतो. फार लांबली तर भिंत पातळ होऊन हृदय फुगत जातं. म्हणजे प्रश्न पेशी किती याच्या इतकाच त्या कधी आल्या आणि वेळेवर परत गेल्या का, याचाही आहे. एका दिवसाच्या एका आकड्यात हे मावत नाही.

---

चकवा | मंगळवार, सकाळी १०:२२

सीडी१४ सीडी१६ काय भानगड आहे? आमच्याकडे कपाटभर जुन्या सीड्या आहेत, त्यातली चौदावी शोधू का?

---

जुनं_खोड | मंगळवार, दुपारी १:१५

मला एक कळत नाही. एवढी सगळी सूज आणि आग आहे, ती वाईट आहे, हे सगळे कबूल करतायत. मग ती मारून टाका की सरळ. स्टेरॉइड द्या, सूज उतरवा, विषय संपला. आकडे मोजत कशाला बसायचं?

---

ठोका_चुकला | मंगळवार, दुपारी ३:४०

मी या धाग्यावरचा अनुभवी कैदी. चार वर्षांपूर्वी अटॅक, दोन स्टेंट.

माझ्या पांढऱ्या पेशी दुसऱ्या दिवशी १६,०००च्या वर होत्या आणि अंगात बारीक ताप. झालं, सगळे संसर्ग शोधायला लागले. लघवी तपासली, छातीचा फोटो काढला, दोन्ही हातांतून कल्चरला रक्त घेतलं. सगळं कोरं. चौथ्या दिवशी ताप गेला, पेशी आपोआप उतरल्या. एक ज्येष्ठ डॉक्टर राउंडला आले, माझ्या छातीवर बोट ठेवून म्हणाले, "ताप इथला आहे." ते वाक्य अजून लक्षात आहे.

खरी गंमत पुढे. महिनाभराने छातीत पुन्हा दुखायला लागलं. माझी पाचावर धारण बसली. पण हे दुखणं वेगळं होतं, श्वास आत घेतला की सुरी फिरवल्यासारखं, उताणं झोपलं की जास्त, पुढे वाकून बसलं की कमी. मी आख्खी रात्र मांडीवर उशी घेऊन, तिच्यावर ओणवा होऊन काढली. ईसीजी आणि इको झाल्यावर कळलं की हृदयाच्या आवरणाला सूज होती. ड्रेसलर सिंड्रोम. १९५६ पासून नाव असलेला प्रकार आहे म्हणे. मेलेल्या स्नायूचा माल बघून प्रतिकारशक्ती बिथरते आणि काही आठवड्यांनी आवरणावर धावून जाते. जास्त डोसचं अॅस्पिरिन आणि कोल्चिसिन यांवर आटोक्यात आलं.

रानजाई, छातीत पुन्हा दुखलं तर हे कुठलं दुखणं ते घरी ठरवत बसू नका, थेट न्या. मी रात्र उशीवर काढली तो मूर्खपणा होता.

---

डॉ_निवांत | मंगळवार, रात्री ८:३०

जुनं_खोड, तुमचा प्रश्न भाबडा वाटेल, पण जगातले मोठे मोठे लोक त्याच वाटेने गेले आणि तोंडावर आपटले.

१९७०च्या दशकात अटॅकनंतर स्टेरॉइड देऊन पाहिले. तर्क तुमचाच. पण सूज दाबली की साफसफाई आणि व्रण भरणं दोन्ही रेंगाळतं, अशी धास्ती त्यातून निर्माण झाली आणि तो मार्ग मागे पडला. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांपासूनही आम्ही अटॅकच्या रुग्णांना दूर ठेवतो. पुढे न्यूट्रोफिलला रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटूच द्यायचं नाही अशी प्रतिपिंडं आली. प्राण्यांत झकास चालली, माणसांत काही उपयोग झाला नाही.

मग २०१७ मध्ये कँटोस ही चाचणी. १०,०६१ रुग्ण, पूर्वी अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी (रक्तातलं सूज दाखवणारं प्रथिन) २ च्या वर असलेले. इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचा एकच दूत अडवणारं कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी. कोलेस्टेरॉलला हातही न लावता १५० मिलिग्रॅमच्या गटात अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी कमी झाले. सूज हे नुसतं लक्षण नाही, तिचा या आजारात हात आहे, याचा मोठा पुरावा पहिल्यांदा मिळाला. पण जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. ते औषध हृदयासाठी वापरात आलं नाही. २०१८ मध्ये मेथोट्रेक्सेट देऊन पाहिलं, शून्य फायदा. म्हणजे कुठलीही सूज दाबून भागत नाही.

२०१९ मध्ये कोल्चिसिन, ठोका_चुकला यांनी घेतलं तेच, गाऊटचं जुनं औषध. कोलकॉट या चाचणीत ४,७४५ रुग्णांना अटॅकनंतर महिन्याभरात रोज अर्धा मिलिग्रॅम सुरू केलं. हृदयाच्या घटना ७.१ टक्क्यांवरून ५.५ वर आल्या. सगळे खूश. २०२४ मध्ये क्लिअर ही आणखी मोठी चाचणी, ७,०६२ रुग्ण, तेच औषध, अटॅकनंतर लगेच. फरक जवळपास नाहीच. आणि गंमत म्हणजे औषधाच्या गटात सीआरपी उतरलं होतं! मार्कर सुधारला, रुग्णाचं नशीब तिथेच.

हे शेवटचं वाक्य एनएलआरचा भागाकार करणाऱ्या प्रत्येकाने लिहून ठेवावं.

---

आकडेमोडे | मंगळवार, रात्री ९:१५

डॉक्टरांचं शेवटचं वाक्य माझ्या तोंडून काढून घेतल्यासारखं.

पाय सुजले की चपला घट्ट होतात. हजार माणसं तपासलीत तर घट्ट चपलांचा सुजेशी दणदणीत संबंध निघेल, कुठल्याही सांख्यिकी कसोटीवर उतरेल. म्हणून मोठ्या मापाच्या चपला दिल्या की सूज उतरते का? एनएलआर ही चप्पल आहे का पाय आहे, हे संबंधावरून कळत नाही.

दुसरं, गटाचा धोका आणि बाबांचा धोका. समजा (मी मनाने आकडे घेतोय, कुठल्या अभ्यासातले नाहीत) कमी गुणोत्तरवाल्या शंभरांपैकी वर्षभरात ४ जण दगावले आणि जास्तवाल्यांपैकी ९. पेपरचा मथळा "धोका दुपटीहून जास्त". खरंच आहे. पण जास्तवाल्यांतले ९१ जण वर्षानंतरही आहेतच. रानजाई, तुम्ही रात्रभर जागलात ते मथळा वाचून.

आणि तिसरं, "जास्त" म्हणजे किती? एका पेपरात ३, दुसऱ्यात ५, तिसऱ्यात ७. बरेच जण सीमारेषा आधी ठरवत नाहीत. आकडे हाती आले की जिथे रेघ मारल्यावर चित्र सुंदर दिसतं तिथे मारतात. आधी बाण मारायचा, मग त्याभोवती वर्तुळ काढायचं.

---

काजवा | मंगळवार, रात्री ९:५०

आकडेमोडे, हे जरा जास्तच झालं. चपलेचा दाखला छान आहे पण तुम्ही मार्करवाल्यांना एकजात भोंदू ठरवताय.

२००९ मध्ये माणसांवरच झालेलं एक काम बघा. अटॅकच्या रुग्णांत रोज मोनोसाइटचे प्रकार मोजले. सीडी१४ असलेले आणि सीडी१६ नसलेले, म्हणजे चिडक्या पाळीतले, ज्यांच्यात जास्त चढले त्यांच्यात वाचलेला स्नायू कमी निघाला. इथे मार्करमागे यंत्रणा आहे, उंदरात दिसलेली गोष्ट माणसाच्या रक्तात दिसते आहे. आणि कँटोससारख्या चाचणीत कुणाला घ्यायचं हे ठरवायलाच सीआरपी लागलं ना? मार्कर नसेल तर सगळ्यांना एकच औषध, मग "उपयोग नाही" म्हणायला तुम्ही मोकळे.

---

आकडेमोडे | मंगळवार, रात्री १०:०२

भोंदू म्हटलं नाही. घाईत आहेत म्हटलं. संशोधनाला मार्कर हवाच. रानजाईंच्या बाबांच्या फाइलला तो आज हवा का, एवढाच माझा मुद्दा.

---

काजवा | मंगळवार, रात्री १०:०६

त्यावर मात्र आपलं एकमत आहे, हे जाहीर करायला दुःख होतंय.

---

पेशीमोजणी | बुधवार, सकाळी ६:४५

रात्रपाळी संपवून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. मी फ्लो सायटोमेट्रीवर काम करतो, म्हणजे आत्तेभाऊंनी सुचवलेली तपासणी ज्या यंत्रावर होते तेच माझं यंत्र.

चकवा, सीडी म्हणजे पेशीच्या अंगावरच्या रेणूंना दिलेले नंबर. पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या प्रतिपिंडाला वेगळं नाव द्यायची, कुणाचा कुणाला मेळ नाही. १९८२ मध्ये पॅरिसला सगळे बसले आणि नंबर द्यायला सुरुवात केली. आता ३५०च्या पुढे गेलेत. सीडी१४ जंतूंच्या आवरणातला एक घटक ओळखायला मदत करतो, सीडी१६ प्रतिपिंडाची शेपटी पकडतो.

आता काम कसं चालतं. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त येतं. थोडंसं घ्यायचं, त्यात रंग चिकटवलेली प्रतिपिंडं घालायची, पंधरा-वीस मिनिटं अंधारात ठेवायचं कारण रंग उजेडात मरतात. लाल पेशी फोडून टाकायच्या. मग उरलेल्या पेशी एकामागे एक लेझरसमोरून जातात आणि प्रत्येकीचा पडद्यावर एक ठिपका. काही मिनिटांत लाखभर ठिपके.

मोनोसाइटचे ठिपके बघण्यासारखे असतात. सीडी१४ उभं, सीडी१६ आडवं घेतलं की वर डावीकडे दाट पुंजका, हे नेहमीचे मोनोसाइट, ८५-९० टक्के. तिथून उजवीकडे वळून खाली उतरणारी विळ्यासारखी शेपटी. शेपटीचं टोक म्हणजे सीडी१६ भरपूर असलेले. मधल्या वळणावरचे "मधले" मोनोसाइट, जेमतेम पाच टक्के. धोक्याशी संबंध जोडला जातो तो बहुतेक या मधल्यांचा. २०१२ मध्ये अँजिओग्राफीला आलेल्या ९५१ रुग्णांत हेच मधले पुढच्या घटनांशी जोडलेले निघाले होते.

आणि गोची इथेच आहे. विळ्याच्या वळणाला कुठे सुरुवात आणि कुठे शेवट? निसर्गाने तिथे रेघ मारलेली नाही, ती मी माउसने मारतो. मी आणि माझी सहकारी एकाच नमुन्यावर बसलो तर माझे मधले पाच टक्के, तिचे सात. वर न्यूट्रोफिल आणि एनके पेशी (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) यांच्याही अंगावर सीडी१६ असतं, त्या नीट वगळल्या नाहीत तर आणखी घोळ. नळी टेबलावर अर्धा दिवस पडली तर वेगळाच आकडा.

म्हणून आत्तेभाऊंना सांगा, ही संशोधनातली मोजणी आहे. अटॅकच्या रुग्णाला उपयोगी पडेल असा सर्वमान्य रिपोर्ट यातून आज निघत नाही. मिळालेल्या आकड्यावर तुमचे डॉक्टर एकही गोळी बदलणार नाहीत.

आता माझा एक प्रश्न. त्या सीबीसीवर नमुना घेतल्याची वेळ छापलेली असेल. ती स्टेंटच्या आधीची की नंतरची?

---

चकवा | बुधवार, सकाळी ८:१५

पेशीमोजणी, माझ्या फालतू विनोदाचं एवढं सोनं आजवर कुणी केलं नव्हतं. दंडवत.

---

रानजाई | बुधवार, सकाळी ९:००

वेळ बघितली. नमुना पहाटे ४:२०. अँजिओप्लास्टीच्या कागदावर धमनी उघडली ती वेळ २:५५. का हो? काही फरक पडतो का?

---

पेशीमोजणी | बुधवार, सकाळी ९:१२

पडतो तर! पंच्याऐंशी मिनिटं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात अँजिओप्लास्टीनंतर लागोपाठ रक्त घेऊन पाहिलं होतं. धमनी उघडल्यावर पहिल्या दीड तासात टी पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) रक्तातून झपाट्याने कमी होतात. तुमचा लिम्फोसाइट १० टक्के हा खड्ड्याच्या अगदी तळाशी घेतलेला फोटो असू शकतो. दोन दिवसांनी घेतला असता तर आकडा वेगळा आला असता.

---

काजवा | बुधवार, सकाळी ९:३०

हे भारी पकडलंत. मात्र त्याच गटाने हेही दाखवलं की ज्यांचा खड्डा जास्त खोल त्यांचं पुढे कमी बरं होतं. म्हणजे फोटो चुकीच्या क्षणाचा असला तरी निरर्थक नाही... बरं, गप्प बसते.

---

सायंतारा | बुधवार, सकाळी ११:४०

टी पेशींचा विषय निघालाच आहे तर त्यांच्यातल्या शांतिदूतांबद्दल कुणी बोललं नाही. नियामक टी पेशी: सीडी४, सीडी२५ आणि आत फॉक्सपी३ नावाचं प्रथिन, ही त्यांची ओळख. बाकीच्या पेशींना "पुरे आता" सांगणं हे यांचं काम. उंदरांत या काढून टाकल्या तर अटॅकनंतरचा व्रण नीट भरत नाही. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल यांच्याच शोधासाठी ब्रन्कोव, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळालं. यांची संख्या वाढवायला इंटरल्यूकिन-२ अगदी कमी मात्रेत देऊन हृदयरुग्णांत चाचण्या चालल्या आहेत.

याउलट सीडी२८ हरवलेल्या सीडी४ पेशी. या म्हाताऱ्या आणि खुनशी, छातीत अस्थिर वेदना असलेल्यांत जास्त सापडतात. शिवाय वयानुसार अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूळपेशीत टीईटी२ किंवा डीएनएमटी३ए या जनुकात बिघाड होतो आणि तिचीच पिलावळ रक्तात वाढत जाते. २०१७ च्या अभ्यासात अशा लोकांना हृदयविकाराचा धोका जवळपास दुप्पट दिसला. म्हणजे सैनिक किती याच्याबरोबर ते कुठल्या घराण्याचे हेही बघावं लागणार.

---

उंटावरचा_शहाणा | बुधवार, दुपारी १२:०५

अवांतर: न्यूट्रोफिलला मराठीत काय म्हणायचं? "तटस्थप्रेमी"? सगळ्यात आधी मारामारीत उतरणारा गडी, आणि नावात तटस्थ!

---

सायंतारा | बुधवार, दुपारी १२:२०

हाहा. नाव त्याच्या स्वभावावरून नाही, रंगावरून पडलंय. पेशी रंगवताना ना आम्ल रंग धरतो ना अल्कली, उदासीन रंग धरतो म्हणून न्यूट्रोफिल.

---

जुनं_खोड | बुधवार, दुपारी १२:४५

राडारोडा उचलणाऱ्या मोनोसाइटला मात्र "झाडूवाला" चालेल. बाकी माझा स्टेरॉइडचा सल्ला मागे घेतो. डॉक्टरांनी सभ्य शब्दांत धुतलं.

---

ठोका_चुकला | बुधवार, दुपारी २:१०

रानजाई, विषय पेशींचा आहे पण एक विचारतो. बाबा गोळ्या स्वतः घेतात की कुणी देतं? पहिल्या महिन्यात मी एकदा घोळ घातला होता.

---

रानजाई | बुधवार, दुपारी २:२५

स्वतःच घेतात. फार शिस्तीचे आहेत, विचारलेलंही आवडत नाही.

---

रानजाई | बुधवार, रात्री १०:४०

ठोका_चुकला, तुमच्या प्रश्नावरून उठून डबा उघडला. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या आहेत ना, त्यातली दुसरी चार दिवसांची तशीच शिल्लक. बाबांच्या दंडावर निळे डाग पडायला लागले होते, त्यांनी स्वतःच निष्कर्ष काढला की रक्त जास्त पातळ झालंय आणि गोळी बंद केली. कुणाला न सांगता. डाग दिसू नयेत म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत होते, आणि मला वाटत होतं थंडी वाजते.

मी तीन दिवस रक्तातल्या पेशी मोजतेय आणि काखेत कळसा. लगेच डॉक्टरांना फोन लावला. ते आधी ओरडले, मग गोळी आत्ताच्या आत्ता द्यायला सांगितली आणि सकाळी घेऊन या म्हणाले.

---

डॉ_निवांत | बुधवार, रात्री १०:५५

ठोका_चुकला, तुम्हाला एक सलाम. नव्या स्टेंटला पहिल्या महिन्यात ती गोळी चुकली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. तो सगळ्यात धोक्याचा काळ. दंडावरचे डाग या गोळ्यांवर अनेकांना येतात. शौच काळी होणं, नाकातून रक्त न थांबणं, डोक्याला मार लागणं, यांसाठी धावायचं. पण गोळी थांबवायची की नाही हे डॉक्टरच ठरवणार.

---

आकडेमोडे | बुधवार, रात्री ११:१०

ग्रेस स्कोअरमध्ये पूर्ण बाह्यांच्या शर्टाचा रकाना हवा.

---

रानजाई | दीड महिन्यानंतर, रविवार

धागा वर काढतेय, पण अनेकांनी व्यनि करून विचारलं म्हणून. बाबा बरे आहेत. कालच्या इकोत ईएफ ५२. सीबीसीही झाला: एकूण ७,४००, न्यूट्रोफिल ६२, लिम्फोसाइट २९. हो, भागाकार केला, २.१. डॉक्टरांना दाखवला तर त्यांनी बाण नाही हे पाहिलं आणि पुढे गेले. या वेळी मी विचारलंच. म्हणाले, "हा आकडा चांगला आहे, पण मी खूश आहे तो ईएफवर आणि तुम्ही पुनर्वसनाच्या व्यायामाला नियमित येताय त्यावर."

बाबांना हा आख्खा धागा वाचून दाखवला. विळ्याचा भाग दोनदा वाचायला लावला. आता भिंतीवर कॅलेंडर टांगलंय, रोज खूण करतात आणि मला ऐकवतात की त्यांचं स्वतःचं गुणोत्तर आहे, घेतलेल्या गोळ्या भागिले दिवस, आणि ते बरोबर एक यायला हवं.

---

डॉ_निवांत | रविवार, संध्याकाळी

रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या दोन आहेत. दोन यायला हवं. पुन्हा एकदा डबा बघा.